येणारा तेवढा येऊ दे

स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात मी चार्जरची वायर घ्यायला थांबले होते. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, गाव अर्धं रिकामं. माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारी-अडकित्त्याच्या कप्प्यातून बटणांचा छोटा फोन काढला आणि काचेच्या काउंटरवर ठेवला. मागचं झाकण बसत नव्हतं म्हणून फोनला रबरबँड गुंडाळलेला. बटणांवरचे आकडे झिजून गेलेले, हिरव्या बटणाचा रंग तेवढा कडेला शिल्लक. ‘बघ रं बाबा, वाजंना झालाय.’ दुकानातल्या पोरानं दोन बटणं दाबली, फोन कानाला लावला आणि म्हणाला, ‘आजी, फोन चांगलाय. व्हॅलिडिटी संपलीय तुमची. रिचार्ज मारावा लागंल.’ ‘मारला की मागं.’ ‘त्यो अठ्ठावीस दिवसांचा होता.’ आजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. ‘आरं, पर मी कुणाला लावतच न्हाई. संपला कसा? मला न्हाई लावायचा कुणाला. येणारा तेवढा येऊ दे. लेकरं कारखान्याला गेल्यात.’ पोरगा चांगला होता, त्यानं आवाज चढवला नाही. येणारे फोनसुद्धा आता रिचार्जशिवाय येत नाहीत हे त्यानं पुन्हा समजावलं आणि रक्कम सांगितली. आजींनी चंचीतल्या नोटा मोजल्या, परत घडी केल्या. मी पैसे द्यायला पुढे झाले तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ‘ह्या महिन्याचं तुम्ही देताल बाई. फुडल्या महिन्याला?’

मला उत्तर देता आलं नाही. निराधारचे पैसे पडले की येते, असं सांगून त्या गेल्या.

गाव सोडून मला खूप वर्षं झाली, पण ‘लेकरं कारखान्याला गेलीत’, म्हणजे साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला गेलीत, या तीन शब्दांमागचं सगळं मला अजून न सांगता दिसतं. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, पांघरुणं, कोंबड्यांचं खुराडं, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसं. मागे ओट्यावर म्हातारी आणि शाळेत जाणारी नातवंडं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, गाव त्यांच्यावर टाकून बाकीचे सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघालेले असतात. आमच्या लहानपणी या सहा महिन्यांत तिकडून निरोप यायचा तो टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या माणसाबरोबर, तोही त्याला वेळ झाला तर. कोणी अचानक हंगामाच्या मध्यातच परत आलं की बायका आधी त्याचा चेहरा बघायच्या आणि मग पाणी द्यायच्या. चांगली बातमी घेऊन कोणी उसाचा फड सोडून येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोयरिकी, बाळंतपणं, मुलांचे दात पडणं, हे सगळं उन्हाळ्यात एकदम कळायचं.

आमच्या घरी फोन नव्हता. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. वडिलांच्या शाळेच्या कागदपत्रांवर, बहिणीच्या लग्नपत्रिकेवर जो नंबर छापला होता त्याच्यापुढे कंसात ‘पी.पी.’ असं होतं. म्हणजे नंबर शेजारच्या कापडदुकानदारांचा. त्यांच्या बैठकीत उंच तिकाटण्यावर तो काळा फोन असायचा, वर क्रोशाचा रुमाल, डायलच्या भोकात छोटं कुलूप. दुकानातले नवे तागे घरातच रचलेले असायचे, त्यामुळे फोनच्या आठवणीला माझ्या नाकात अजून कोऱ्या कापडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतो. आमचा फोन आला की काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायच्या, ‘वहिनीऽ, फोन आलाय!’ आणि आई कणकेचा हात तसाच घेऊन मधल्या दारातून पळायची. बोलायचं ते त्यांच्या सगळ्या घरादेखत. त्यामुळे आईचं फोनवरचं बोलणं म्हणजे नुसतं ‘हो, बरं, बरं, काळजी घे’ एवढंच. मनातलं एकही वाक्य तिनं त्या फोनवर उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. काकू अतिशय मायेच्या होत्या, कधी कपाळाला आठी आणली नाही. तरी आईला त्या उपकाराचं ओझं व्हायचं. संक्रांतीला त्यांच्याकडे जाणारा तिळगुळाचा डबा जरा मोठा असायचा.

मी शिकायला औरंगाबादला गेले तेव्हा एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाले होते. काचेची पेटी, आत पंखा नाही, रिसिव्हरला आधीच्या माणसाच्या तेलाचा आणि तंबाखूचा वास, आणि डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे. माणूस आईशी बोलताना त्या आकड्यांकडेच बघायचा. रात्री उशिरा पाव दर लागायचा, मुलांच्या वसतिगृहातली सगळी पोरं तेव्हा रांग लावायची. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सातला बंद. पाव दर आमच्यासाठी नव्हताच.

३० सप्टेंबर १९९३ ची सकाळ. आदली रात्र गणपती विसर्जनाची होती. किल्लारीच्या भूकंपाचं आम्हाला रेडिओवरून कळलं, तेही तुकड्यातुकड्यांत. आधी ‘धक्का’, मग ‘काही गावं’, मग आकडे. आमचं गाव लातूरपासून लांब नाही. बूथवर पोचले तर रांग रस्त्यापर्यंत आलेली. आतला मालक स्वतः नंबर फिरवत होता, कारण प्रत्येकानं आत जाऊन प्रयत्न केला असता तर कोणाचाच नंबर आला नसता. दर वेळी तोच ध्वनिमुद्रित आवाज, ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.’ किती गोड, किती शांत आवाज होता तो! माझ्या पुढे उमरग्याकडची एक मुलगी होती. ती दुपारपर्यंत थांबली, मग काही न बोलता रांगेतून बाहेर पडली आणि सरळ एसटी स्टँडकडे चालू लागली. नंतर ती वसतिगृहात परत आली नाही, शिक्षणच सोडलं. मला संध्याकाळी लाइन लागली. काकूंनी पहिल्या घंटीला फोन उचलला. ‘सगळे धड आहेत. तुझी आई इथंच आहे, थांब, देते.’ आई इथंच आहे, याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. दिवाळीला घरी गेल्यावर काकूंनी सांगितलं. सकाळपासून आई त्यांच्या बैठकीत फोनसमोर बसून होती. जेवली नाही, घरी गेली नाही. वसतिगृहाचा फोन रेक्टरच्या खोलीत, खोलीला कुलूप, त्या नंबरावर कोणी उचलतच नव्हतं. तिला माझ्याकडे पोचायचा एकही रस्ता उरला नव्हता, म्हणून जिथं मी पोचू शकेन अशा एकमेव जागी ती जाऊन बसली होती.

म्हणून त्या आजींचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

किल्लारीच्या वीस वर्षं आधी, ३ एप्रिल १९७३ ला, मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून किलोभराच्या हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला, आणि तोही प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंगल यांना. हा किस्सा बहुतेकांना माहीत असतो. मला त्याहून मोलाचं वाटतं ते कूपर पुढे मुलाखतींमधून सांगत आले ते. तोवर फोन लागायचा तो जागेला. घराला, कचेरीला, टेबलाला. तिथं माणूस असला तर त्याचं नशीब. कूपर यांना माणसाचा स्वतःचा नंबर हवा होता, तो जाईल तिकडे त्याच्याबरोबर जाणारा. हा विचार करताना त्यांच्या डोळ्यांपुढे धावपळ करणारे अमेरिकन लोक असणार. त्यांचा फोन १९८३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत जवळजवळ ४,००० डॉलर होती आणि अर्धा तास बोललं की बॅटरी संपायची. पण ज्याला धड जागाच नाही, ज्याचं घर दर पंधरा दिवसांनी एका फडावरून दुसऱ्या फडावर जातं, त्याच्याइतकी या कल्पनेची गरज जगात दुसऱ्या कोणाला असेल?

आणि हे चालतं कसं, ते मला एका टेलिफोन खात्यातल्या नातेवाइकानं समजावलं तेव्हा मी चकित झाले. आपण बोलत नसतो तेव्हाही फोन गप्प बसलेला नसतो. तो अधूनमधून टॉवरला हजेरी देतो, एका टापूतून दुसऱ्या टापूत गेला की कळवतो. कंपनीकडच्या नोंदीत त्या नंबरापुढचा टापू तसतसा बदलत जातो. कोणी नंबर लावला की आधी ती नोंद बघितली जाते, मग त्या टापूतले सगळे टॉवर एकाच वेळी तो नंबर पुकारतात. ज्याचा आहे तो फोन ओ देतो आणि मग घंटी वाजते. काकू खिडकीतून हाक मारायच्या तसंच हे, फक्त हाक सगळ्या टापूत जाते आणि ज्याची त्यालाच ऐकू येते. बाकीच्या घरादाराला कळत नाही. आईला नेमकं तेवढंच हवं होतं.

आपल्याकडे पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला. पण सामान्य माणसाच्या दृष्टीनं खरी तारीख ती नाही असं माझं ठाम मत आहे. त्या काळात मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि तो फोन करणाऱ्याला लागायचा तसाच घेणाऱ्यालाही. ज्यांच्याकडे मोबाइल होता ते स्क्रीनवर नंबर बघायचे, कापायचे आणि खाली उतरून बूथवरून उलटा फोन करायचे. खरी तारीख २००३ च्या मे महिन्यातली, जेव्हा येणारा फोन फुकट झाला. त्या दिवशी मोबाइल मिरवायची वस्तू राहिला नाही. घेणाऱ्याला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर रिक्षावाल्यानं घेतला, गवंड्यानं घेतला, हातगाडीवाल्यानं गाडीच्या पाटीवर नंबर रंगवला. आमच्या गावात विहीर खोदणाऱ्यांचे, बेंजोवाल्यांचे, गाई-म्हशींच्या दलालांचे नंबर भिंतींवर, पुलांच्या कठड्यांवर, एसटीच्या थांब्यांवर चुन्यानं आणि गेरूनं लिहिलेले दिसू लागले. ज्यांचं नाव कधी कुठल्या पाटीवर आलं नव्हतं ते लोक प्रथमच सांगत होते की मी आहे, मला बोलवा.

त्याच फुकट घंटीतून मिस कॉल जन्माला आला. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या. रात्री आठची एक रिंग म्हणजे काही नाही, नुसतं सगळं ठीक. माझा भाऊ पुण्यात नोकरीला लागला तेव्हा आई त्या आठच्या रिंगसाठी ताट वाढून थांबायची आणि ती वाजली की पहिला घास घ्यायची. एक पैसा न देता, एक शब्द न बोलता आलेला तो निरोप तिला पुरायचा. हे फक्त आपल्याकडचं असेल असं मला वाटायचं, पण तसं नाही. जोनाथन डॉनर या संशोधकानं रवांडात आणि आसपास याचा अभ्यास करून २००७ मध्ये निबंध लिहिला. तिथेही तेच, मुद्दाम घंटी देऊन कापायचं. आणि त्यालाही अलिखित नियम आहेत. ज्याच्या खिशात जास्त पैसे, त्यानं उलटा फोन करायचा. धाकट्यानं थोरल्याला, नोकरानं मालकाला दिला तर चालतो. मुलीवर छाप पाडायची असेल त्या तरुणानं मात्र द्यायचा नाही. हे नियम वाचताना मला माझ्या मावसभावांचे चेहरे दिसत होते.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट तर याहून हृदयाला भिडणारी आहे. तिथल्या मोठ्या मोबाइल कंपनीत एन्कोसाना मकाते नावाचा तरुण हिशेबनीस शिकाऊ म्हणून काम करत होता. त्याची मैत्रीण दूर विद्यापीठात शिकत होती, तिच्या फोनमध्ये बॅलन्स नसायचा, त्यामुळे तिला त्याच्याशी बोलावंसं वाटलं तरी तसं कळवायची सोय नव्हती. त्यातून त्याला २००० साली सुचलं की बॅलन्स शून्य असला तरी ‘मला फोन कर’ एवढा निरोप फुकट पाठवता आला पाहिजे. कंपनीनं २००१ मध्ये ती सोय सुरू केली, ती लाखो लोकांनी उचलली. श्रेय आणि मोबदला मात्र त्याला मिळाला नाही म्हणून तो कोर्टात गेला आणि २०१६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टाच्या निकालातल्या कलमांपेक्षा माझ्या मनात ती मुलगी राहते. वसतिगृहात, हातात फोन, आणि पलीकडच्याला हाक मारता येत नाही.

अर्थशास्त्राच्या लिखाणात मोबाइलचं कौतुक निघालं की उत्तर केरळच्या मच्छीमारांचं उदाहरण हमखास येतं. रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात तिथल्या तारली विकणाऱ्या बोटी अभ्यासल्या. फोन येण्याआधी एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागायची आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरात ती मिळत नसायची. समुद्रातून फोन करून भाव विचारता आला, तशी नासाडी थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, खाणाऱ्याला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. अभ्यास उत्तम आहे, माझा त्याला आक्षेप नाही. पण आमच्या बालाघाटाच्या डोंगरातल्या माणसानं कापसाचा भाव विचारायला फोन घेतला नव्हता. त्यानं तो घेतला कारण घरातलं कोणीतरी लांब गेलं होतं.

आणि फोनही तसाच मिळाला, त्याच्यासाठीच केलेला. २००३ सालीच नोकियाचा ११०० आला. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. आमच्या घरी वडिलांकडे होता. बटणांचं रबर एकसंध, धूळ आत जाणार नाही असं. कडेला खरखरीत, घामट हातातून निसटणार नाही असा. आणि डोक्यावर टॉर्च. शहरातल्या लोकांना त्या टॉर्चची किंमत कळली नसेल. बारा-बारा तासांच्या भारनियमनाच्या दिवसांत शेतीची लाइट यायची मध्यरात्री, आणि दारं धरायला माणूस अंधारात पाटाच्या कडेनं चालायचा. वडील निवृत्तीनंतर शेत बघत होते. ते तो फोन दातात धरून दोन्ही हातांनी फावडं मारायचे. माझ्याकडे तो अजून आहे. खालच्या कडेला त्यांच्या दातांच्या खुणा आहेत.

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी एक तुलना मांडली होती. जगातल्या ७ अब्ज लोकांपैकी ६ अब्जांपर्यंत मोबाइल पोचला आहे, शौचालय मात्र साडेचार अब्जांपर्यंतच. तिचा हेतू सरकारांना जागं करण्याचा होता. पण आपल्याकडे ती भलत्याच सुरात फिरली. घरात संडास नाही आणि हातात मोबाइल बघा, म्हणून गरिबालाच नावं ठेवली गेली. मला याचा तेव्हाही राग आला होता, आजही येतो. संडासाला जागा लागते, पाणी लागतं, मैला वाहून नेणारी नळी नाहीतर खड्डा लागतो. ज्याच्या नावावर जागाच नाही त्यानं तो बांधायचा कुठे? मोबाइलला यातलं काही लागलं नाही. लँडलाइनला घराचा पत्ता लागायचा, महिन्याचं बिल भरण्याची ऐपत दाखवावी लागायची. प्रीपेडनं ती अट काढली. आधी पैसे टाक, जेवढे टाकशील तेवढं वापर. दहा रुपयांचं कुपन नखानं खरवडायचं आणि आकडे दाबायचे. रोज मजुरी मिळणाऱ्याला रोज परवडेल अशा मापात मिळालेली ही पहिलीच मोठी सोय असावी. म्हणून ती पोचली. आज देशात ११० कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत.

माझ्या स्वतःच्या फोनबद्दल बोलायचं तर तो दिवसभर सायलेंटवर असतो. अनोळखी नंबर आला की मी उचलत नाही. कर्ज हवं का, प्लॉट हवा का, तुमचं पार्सल अडकलंय, तुमच्या नावावर गुन्हा दाखल झालाय. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना अशाच एका फोननं दोन दिवस घरात कोंडून बसवलं, खोट्या पोलिसाच्या धाकानं. फोनच्या घंटीनं ज्यांची छाती धडधडते अशी कितीतरी माणसं आज आसपास आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. मुलं अभ्यासाला बसतात, माणसं ओट्यावर येऊन बोलतात, किती छान! पण लगेच आमच्याकडची संध्याकाळ आठवली. सात वाजता ऊसतोडीची टोळी फडावरून कोपीवर, आपल्या झोपडीवर, परतते. चूल पेटायच्या आधी आई लेकराला फोन लावते, जेवलास का, सर आले होते का शाळेत, आजीला त्रास देऊ नको. दिवसातली तीच एक वेळ. त्या घरांत सातला फोन बंद झाला तर मुलाची आई बंद होते.

आणि भोंग्यानं नाही तर पैशानं तो बंद होऊ लागला आहे, हे मला त्या दुकानात कळलं. म्हणजे बातम्यांत वाचलं होतं, पण शहरात महिन्याचा रिचार्ज आपोआप कापला जातो, कळत नाही. २०१८ च्या अखेरीपासून कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. पूर्वी सिममध्ये बॅलन्स नसला तरी फोन यायचा. आता मुदत संपली की आधी जाणारे बंद, मग येणारेही बंद. तेव्हा पस्तीसच्या आसपास भागायचं, आता दोनशेच्या घरात लागतात. महिना म्हणायचं आणि दिवस द्यायचे २८, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. त्यात डेटा असतो, जो त्या रबरबँडवाल्या फोनवर चालतच नाही. २०२४ च्या डिसेंबरात ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं डेटा नसलेले, नुसत्या कॉलचे रिचार्ज देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. तसे आले, पण ८४ दिवसांचे साडेचारशेच्या आसपास एकरकमी. चंचीत कधीच एकदम साडेचारशे नसतात. शिवाय हा फक्त बोलण्याचा प्रश्न राहिलेला नाही. त्याच नंबरावर बँकेचा ओटीपी, त्याच नंबराशी आधार जोडलेलं, निराधारचे पैसे आले की नाही याचा संदेश त्याच्यावर. फोन सुरू करायला निराधारचे पैसे हवेत, आणि ते पडले हे कळायला फोन सुरू हवा. जास्त दिवस बंद राहिला तर नंबर काढून घेतात आणि दुसऱ्या कोणाला देतात. मग लेक तिकडून फोन लावतो आणि पलीकडून कोणीतरी परका उचलतो.

नुसता येणारा फोन तरी कायम चालू राहावा, त्याला मुदत नसावी, एवढं मला वाटतं. टॉवर उभेच आहेत, फोन करणारा त्याचे पैसे भरतोच आहे. ज्या फुकट इनकमिंगवर या सगळ्या कंपन्या वाढल्या, ज्यामुळे गावोगावी गिऱ्हाईक मिळालं, ते गिऱ्हाईक हातात आल्यावर तीच सोय काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी रागानंच लिहिते आहे.

जानेवारीत बारामतीच्या बाजूला एका ओळखीच्या कुटुंबाच्या कोपीवर गेले. आमच्याच गावचे, नवरा-बायको दोघांचा एक कोयता. फडावरून नुकतेच आलेले, तिच्या हातांना पाचटाचे बारीक चरे, ओढणीसारखा बांधलेला शर्ट अजून डोक्यावर. शेजारी वाढ्यांची रास, बैल खात होते. कोपीत लाइट नाही. सौरदिव्याच्या खालच्या पिनेला फोन लावलेला. मी आजींची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, आमच्या टोळीत तसं होत नाही आता. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याच्या नावापुढे उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, लिहिलेली असते, त्याखाली किराणा, दवाखाना, मोडलेल्या गाडीचं चाक. त्या वहीत दोन हंगामांपासून एक ओळ वाढली आहे, ‘म्हातारीचा फोन’. दर अठ्ठावीस दिवसांनी मुकादम गावाकडच्या दुकानदाराला पैसे टाकतो, न चुकता. पट्टा पडताना हिशेबात ते उचलीवर चढतात. ऊस तोडून फिटले तर फिटले, नाहीतर पुढच्या हंगामावर जातात. मी विचारलं, हे मुकादमानं तुमच्या गळ्यात मारलं का? ती भाकरी थापता थापता थांबली. ‘न्हाई वो. आम्हीच लिव्हायला लावलं. किराण्यात काय कमी करायचं ते कर म्हणलं, पर म्हातारीचा फोन बंद पडू देऊ नको.’